घरचा सर्व्हर लावताना आधी खासगी नेटवर्क: नाशिकमधल्या नवख्या डेव्हलपरसाठी

घरी सर्व्हर लावायचा म्हटला की बहुतेक जण पहिल्यांदा सॉफ्टवेअर निवडायला बसतात. फोटोंसाठी इमिच की नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन की आणखी काही. मग ते कॉलेज रोडवर चहा पितानाही मोबाइलवर उघडावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडतात, आणि घरातलं एक यंत्र साऱ्या जगाला दिसायला लागतं. हा क्रम उलटा करा, असं माझं ठाम सांगणं आहे. आधी आपल्याच उपकरणांचं एक खासगी नेटवर्क उभं करा, ते नीट चालतंय याची खात्री करून घ्या, आणि त्यानंतर त्यावर एकेक सेवा चढवा. छंद म्हणून सर्व्हर चालवणाऱ्याकडे वापरणारी माणसं असतात किती? आपण, घरचे, एखादा मित्र. एवढ्यांसाठी जगाला दार उघडावं लागत नाही.

लिनक्सच्या टर्मिनलची थोडी ओळख आहे असं धरून लिहितोय. आज्ञांची नावं आपण बोलतो तशी दिली आहेत. टाइप करताना अर्थात मूळ स्पेलिंग.

यंत्र आणि त्याची जागा

सुरुवातीला नवीन काही विकत घेऊ नका. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप, ६४ बिटचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, पुरून उरतो. स्क्रीन फुटलेली असली तरी चालते. इन्स्टॉल करण्यापुरता एचडीएमआयने टीव्ही जोडायचा, पुढे स्क्रीन लागतच नाही. तसा लॅपटॉप नसेल तर सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत ओळखीचं कुणी आहे का बघा. ऑफिसं जुने छोटे डेस्कटॉप बदलतात तेव्हा चांगलं यंत्र स्वस्तात हाती लागू शकतं. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर तेवढी काढून नवी एसएसडी बसवा, बाकीचं जुनं चालेल. रास्पबेरी पाय उत्तमच आहे, पण ॲडॉप्टर, केस, एसएसडी असं सगळं जोडता जोडता किंमत वाढत जाते, आणि नुसत्या एसडी कार्डावर चालवला तर डेटाबेसच्या सततच्या लिहिण्याने कार्ड लवकर झिजतं.

विजेचा हिशेब आधीच करून ठेवा, म्हणजे घरच्यांना उत्तर देता येतं. निवांत बसलेला लॅपटॉप साधारण १० ते १५ वॉट घेतो. १५ वॉट दिवसरात्र चालले तर ३० दिवसांत १०.८ युनिट होतात. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच काळात ४३ युनिट घेतो. महावितरणच्या बिलावर आपण कोणत्या स्लॅबमध्ये आहोत ते बघा आणि गुणाकार करा.

लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस आयताच मिळतो. पण वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांवर चार्ज राहिलेली बॅटरी फुगते. बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ठेवण्याची सोय असेल तर ८० टक्क्यांवर ठेवा. काही लॅपटॉपवर टीएलपी या लिनक्स प्रोग्रॅमनेही ती ठेवता येते. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा तळ टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर त्याच दिवशी बॅटरी काढून टाका. हा आगीचा प्रश्न आहे, उद्यावर टाकायचा नाही.

वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहिला तरी राउटर बंद पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या आणि फायबरच्या डब्याच्या, म्हणजे ओएनटीच्या, ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. डबे दोन वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते.

जागेचं म्हणाल तर पोटमाळा नको. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली त्याहून जास्त तापतं. जमिनीवरही नको, विशेषतः गोदाकाठच्या जुन्या वाड्यांमध्ये आणि तळमजल्यांवर, जिथे पावसाळ्यात पाणी शिरायची धास्ती असते. हॉलमधल्या राउटरशेजारचं उघडं फडताळ सगळ्यांत चांगलं. सर्व्हर वायफायवर ठेवू नका, लॅन केबलनेच जोडा.

डेबियन चढवणं

डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती, दोन्ही चालतील. मी डेबियन सुचवतो, कारण त्यात नको असलेलं फारसं काही येत नाही. इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो तिथे जागा रिकामी सोडली की तुमच्या युजरला आपोआप सुडोचे अधिकार मिळतात. पुढे सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा आणि ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या यंत्रावरून टर्मिनलने आत येण्यासाठी) व ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ या दोनच ठेवा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर दोन कामं. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी तो झोपू नये म्हणून ईटीसी फोल्डरमधल्या सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगइनडी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’चं मूल्य ‘इग्नोअर’ करा. आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज टाका, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत राहतील. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही चालू करा. गावाला गेल्यावर वीज गेली-आली तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन बटण दाबायला पाठवावं लागत नाही.

आपला पत्ता नक्की कुणाचा?

राउटरचं पान उघडा. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना आयपी वाटण्याच्या, विभागात सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. आता घरात सर्व्हर नेहमी याच पत्त्यावर सापडेल.

आता त्याच पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ असा विभाग शोधा. तिथला आयपी कागदावर लिहा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून जो आकडा दिसतो तो त्याच्या खाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राउटरमधला आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशाने तरी किंवा ‘१०.’ ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. मोठ्या सोसायटीचा पत्ता पाकिटावर आहे पण फ्लॅट नंबर नाही, अशा पत्रासारखं बाहेरून आलेलं पॅकेट गेटवरच थांबतं. याचं कारण साधं आहे. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी, आणि ते केव्हाच अपुरे पडले. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

सीजीनॅट असेल तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून इथेच पुष्कळ जण दोन-दोन रविवार घालवतात, आणि दोष आपला नसून रचनेचा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. केबलवाल्याकडे किंवा कंपनीकडे स्थिर आयपी मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. पण खासगी नेटवर्कला त्याची गरज नाही, कारण तिथे घरचा सर्व्हरच आतून बाहेर जोडणी करतो.

आणि सार्वजनिक पत्ता असला तरी पोर्ट उघडू नका असंच मी म्हणेन. विश्वास बसत नसेल तर भाड्याने घेतलेल्या कुठल्याही नव्या क्लाउड सर्व्हरवर ‘जर्नलसीटीएल’ने एसएसएचची नोंद उघडून बघा. सर्व्हर सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो आणि अनोळखी आयपींवरून रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, पोस्टग्रेस, पाय अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न एकाखाली एक दिसायला लागतात. यात तुमच्याशी कुणाचं वैर नसतं. प्रोग्रॅम आयपीव्ही४ चे सगळे पत्ते एका बाजूने तपासत चाललेले असतात. उद्या इमिचमध्ये किंवा जेलीफिनमध्ये एखादी त्रुटी सापडली, तर ज्यांचं दार उघडं आहे त्यांच्याकडे तेच प्रोग्रॅम आधी पोचतात.

पहिल्याच संध्याकाळी: टेलस्केल

सगळ्यांत सोपी सुरुवात टेलस्केलची. ही आपली उपकरणं खासगी नेटवर्कात जोडून देणारी सेवा. ती वायरगार्डवर, म्हणजे दोन यंत्रांमध्ये एन्क्रिप्टेड बोगदा तयार करणाऱ्या प्रोग्रॅमवर, बांधलेली आहे आणि वैयक्तिक वापराला फुकट योजना आहे. सर्व्हरवर पॅकेज टाकायचं, ‘सुडो टेलस्केल अप’ म्हणायचं, जी लिंक दिसेल ती ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन करायचं. फोनवर आणि लॅपटॉपवर तेच ॲप, तेच खातं. झालं. प्रत्येक उपकरणाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो आणि नावानेही हाक मारता येते. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सर्व्हरला एसएसएच करून बघा.

‘टेलस्केल स्टेटस’मध्ये जोडणीसमोर ‘डायरेक्ट’ दिसलं तर दोन्ही उपकरणं थेट बोलत आहेत. ‘रिले’ दिसलं तर मधल्या सर्व्हरमार्फत. तेही एन्क्रिप्टेडच असतं, फक्त हळू. सर्व्हरसाठी एक गोष्ट आठवणीने करा. प्रत्येक उपकरणाची किल्ली ठरावीक मुदतीने, मुळात १८० दिवसांनी, संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. फोनसाठी ते योग्य आहे, पण घरातल्या सर्व्हरसाठी ॲडमिन पानावर जाऊन ती मुदत बंद करा, नाहीतर तुम्ही पुण्याला असताना तो नेटवर्कमधून बाहेर पडेल.

उपकरणांची ओळख पटवण्याचं काम कंपनीचा सर्व्हर करतो. खासगी किल्ल्या उपकरणातच राहतात, पण यादी त्यांच्याकडे असते. तेही नको असेल तर हेडस्केल नावाचा मुक्त पर्याय स्वतः चालवता येतो. नवख्याने मात्र त्यात लगेच पडू नये.

शिकण्यासाठी: वायरगार्ड हाताने

टेलस्केल चालू झालं की आतलं यंत्र समजून घ्या, कारण एकदा हाताने वायरगार्ड उभारलं की नेटवर्किंगचे निम्मे शब्द आपोआप कळायला लागतात. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालं, म्हणून आजच्या डेबियनवर फक्त ‘वायरगार्ड-टूल्स’ टाकलं की पुरतं.

सीजीनॅटमुळे एक भेटण्याची जागा लागते. मुंबईत किंवा बेंगळुरूत डेटा सेंटर असलेल्या कंपनीकडून सगळ्यांत लहान क्लाउड सर्व्हर घ्या. १ जीबी रॅमही जास्तच होते. याला सार्वजनिक आयपी असतो. घरचा सर्व्हर आणि फोन दोघंही याच्याकडे जोडणी करतात आणि तो एकाचं पॅकेट दुसऱ्याला पोचवतो. याला पुढे मी केंद्र म्हणेन.

पत्त्यांचा पट्टा जपून निवडा. १९२.१६८.१ घेऊ नका, कारण अर्ध्या गावातल्या घरांत, कॅफेत आणि ऑफिसांत तोच असतो आणि तिथून जोडल्यावर आपलं आणि त्यांचं नेटवर्क एकमेकांत गुंततं. १७२.१७ डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) स्वतःसाठी वापरतो. मी उदाहरणाला १०.७७.०.०/२४ (म्हणजे ‘१०.७७.०.’ ने सुरू होणारे सगळे पत्ते) घेतो: केंद्र १०.७७.०.१, घरचा सर्व्हर १०.७७.०.२, फोन १०.७७.०.३.

केंद्रावर आणि घरच्या सर्व्हरवर ‘डब्ल्यूजी जेनकी’ने खासगी किल्ली बनवा आणि ती ‘डब्ल्यूजी पबकी’तून काढून सार्वजनिक किल्ली मिळवा; फोनवर वायरगार्डचं ॲपच दोन्ही बनवतं. खासगी किल्ली त्या यंत्राबाहेर कधीही न्यायची नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणंसुद्धा नको. सार्वजनिक किल्ली कुणालाही दिली तरी चालते.

केंद्रावरच्या डब्ल्यूजी०.कॉन्फ या फाइलमध्ये ‘इंटरफेस’ विभागात तीन ओळी येतात: केंद्राची खासगी किल्ली, पत्ता १०.७७.०.१/२४, आणि ‘लिसनपोर्ट’ ५१८२०. त्याखाली प्रत्येक उपकरणासाठी एक ‘पीअर’ विभाग. त्यात त्या उपकरणाची सार्वजनिक किल्ली आणि ‘अलाउडआयपीज’ एवढंच. घरच्या सर्व्हरसाठी तिथे १०.७७.०.२/३२ लिहायचं, फोनसाठी १०.७७.०.३/३२.

घरच्या सर्व्हरवर ‘इंटरफेस’मध्ये त्याची स्वतःची खासगी किल्ली आणि १०.७७.०.२/२४. एकच ‘पीअर’, म्हणजे केंद्र: त्याची सार्वजनिक किल्ली, ‘एंडपॉइंट’मध्ये केंद्राचा सार्वजनिक आयपी आणि पोर्ट, ‘अलाउडआयपीज’मध्ये १०.७७.०.०/२४, आणि ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ २५. फोनचंही असंच.

‘अलाउडआयपीज’वर थोडं थांबू, कारण सगळे इथेच अडकतात. ही एक ओळ दोन कामं करते. पॅकेट बाहेर पाठवताना ती वाट दाखवते: या पत्त्यांकडे जायचं असेल तर या पीअरला द्या. पॅकेट आत येताना ती तपासणी करते: या पीअरकडून फक्त हेच पत्ते खरे मानायचे. म्हणून केंद्रावर प्रत्येकाला /३२, म्हणजे नेमका एकच पत्ता. आणि घरून-फोनवरून केंद्राकडे बघताना /२४, म्हणजे पूर्ण पट्टा. फोनवर इथे ०.०.०.०/० लिहिलं तर फोनचं सगळंच इंटरनेट या बोगद्यातून जायला लागेल. ते वेगळं काम आहे आणि त्याला केंद्रावर आणखी जुळणी लागते, तेव्हा आता नको.

कीपअलाइव्हचे २५ सेकंदही महत्त्वाचे. राउटर आणि सीजीनॅट शांत पडलेल्या जोडणीची नोंद काही वेळाने पुसून टाकतात. दर २५ सेकंदांनी एक लहान पॅकेट गेलं की नोंद जिवंत राहते आणि बाहेरून हाक मारली तर घर ‘ओ’ देतं.

केंद्रावर ‘नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी-फॉरवर्ड’ हे सिससीटीएलमध्ये १ करा, फायरवॉलमध्येही डब्ल्यूजी० वरून डब्ल्यूजी० कडे जाणाऱ्या पॅकेटांना परवानगी द्या, आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलवर यूडीपी ५१८२० उघडा. मग केंद्रावर आणि घरच्या सर्व्हरवर ‘डब्ल्यूजी-क्विक अप डब्ल्यूजी०’, आणि फोनवर वायरगार्डच्या ॲपमध्ये बोगदा चालू. नंतर ‘डब्ल्यूजी शो’ म्हटल्यावर प्रत्येक पीअरसमोर ‘लेटेस्ट हँडशेक’, म्हणजे दोघांनी एकमेकांची किल्ली शेवटची पटवणं, किती सेकंदांपूर्वी झाला ते दिसतं. ती ओळच नसेल तर बहुतेक वेळा किल्ल्यांची अदलाबदल झालेली असते किंवा यूडीपी पोर्ट बंद असतं. टीसीपी उघडून यूडीपी राहून जाणं फार कॉमन आहे. हँडशेक होतोय, पिंग जातंय, पण मोठं वेबपेज अर्ध्यात अडकतंय, असं झालं तर ‘एमटीयू’, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, १२८० करून बघा. सगळं ठीक झालं की सिस्टिमडीमध्ये सेवा ‘इनेबल’ करा, म्हणजे रीबूटनंतर आपोआप उठेल.

हे पोर्ट उघडं ठेवायला मला भीती वाटत नाही, त्याचं कारण वायरगार्डच्या स्वभावात आहे. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याच्या पॅकेटला ते काहीच उत्तर देत नाही. तपासत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

रोजच्या वापराला दोन्हींतलं कोणतं? फोटोंसारख्या जड कामाला टेलस्केल, कारण घरात असताना फोन आणि सर्व्हर थेट वायफायवरून बोलतात. हाताने केलेल्या रचनेत घरातला फोटोसुद्धा आधी मुंबईला जाऊन परत येतो.

कुलुपं

स्वतःच्या लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ला ईडी२५५१९ हा प्रकार देऊन किल्ली बनवा, ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सर्व्हरवर पोचवा. किल्लीने लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ आणि ‘परमिटरूटलॉगिन’ दोन्ही ‘नो’ करा. हे करताना जुनी टर्मिनल खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं की मगच पहिली मिटा.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू सोपं. आत येणारं सगळं बंद, डब्ल्यूजी० किंवा टेलस्केल० या इंटरफेसवरून येणारं चालू, आणि घरातल्या १९२.१६८.१.०/२४ वरून फक्त एसएसएच चालू, म्हणजे बोगदा पडला तरी घरात बसून दुरुस्त करता येतं.

आता डॉकरचा सापळा. कंपोज फाइलमध्ये पोर्टसमोर ८०८०:८० असं लिहिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यू ‘सगळं बंद आहे’ असं दाखवत राहतं आणि पोर्ट प्रत्यक्षात उघडं असतं. घरी राउटर मध्ये आहे म्हणून लगेच धोका नसतो, पण क्लाउड सर्व्हरवर असा डेटाबेस थेट जगापुढे येतो. म्हणून नेहमी १२७.०.०.१:८०८०:८० असं लिहायची सवय लावा, आणि पुढे कॅडी हा वेब सर्व्हर थेट होस्टवर चालवा. विनंत्या कॅडी घेईल आणि आतल्या कंटेनरला देईल.

काय चालवायचं

पहिली सेवा म्हणून फोटो नको. फोटो गेले तर भरून येत नाहीत, आणि तुमचा बॅकअप अजून उभा नाही. ज्याचं नुकसान झालं तरी पुन्हा करता येईल असं काहीतरी घ्या. माझी सूचना: स्वतः लिहिलेला एखादा छोटा प्रोग्रॅम. देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर एपीआयने मिळतात, त्यासाठी मोफत की घ्यावी लागते. रोज रात्री लासलगावचा कांद्याचा भाव ओढायचा, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवायचा आणि किमान, कमाल, सरासरी असा साधा आलेख दाखवायचा. सिस्टिमडीचा टायमर, डॉकर, डेटाबेस, वेब सर्व्हर, सगळं एका खेळात शिकून होतं. निफाडच्या काकांच्या फोनवर बोगदा जोडून दिला तर पहिला खरा वापरकर्ताही मिळतो, आणि तो चुका लगेच सांगतो.

दुसरी सेवा पेपरलेस-एनजीएक्स. घरातले कागद स्कॅन करून टाकायचे, ते त्यातला मजकूर ओळखून शोधता येतील असे ठेवतं. ओळखण्याचं काम टेसरॅक्ट करतं आणि त्याला मराठी येतं. सेटिंगमध्ये मराठीची भाषा-फाइल जोडून ओसीआरची, म्हणजे मजकूर ओळखण्याची, भाषा मराठी अधिक इंग्रजी अशी द्यावी लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, द्राक्षांच्या औषधांची बिलं, सगळं नावाने सापडतं. छापील मजकूर चांगला ओळखला जातो. हाताने लिहिलेल्या जुन्या कागदांकडून मात्र अपेक्षा ठेवू नका.

पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, पण ते एचटीटीपीएसशिवाय ब्राउझरमध्ये चालत नाही. पोर्ट न उघडता एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मिळवायचा मार्ग आहे. स्वतःचं डोमेन घ्या, त्याच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदीत) १०.७७.०.२ किंवा टेलस्केलचा पत्ता टाका, आणि मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून डीएनएस-०१ पद्धतीने प्रमाणपत्र घ्या. त्यात डोमेन आपलं असल्याचा पुरावा डीएनएसमध्येच दिला जातो, सर्व्हरपर्यंत कुणाला यावं लागत नाही. कॅडीत त्यासाठी आपल्या डीएनएस कंपनीचं मॉड्यूल असलेली आवृत्ती लागते. प्रत्येक प्रमाणपत्रातलं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, तेव्हा सबडोमेनला घरच्यांची नावं देऊ नका. वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनसाठी एकच प्रमाणपत्र) घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. काही राउटर खासगी पत्ता सांगणारं डीएनएस उत्तर अडवतात. नाव घरात उघडत नाही पण मोबाइल डेटावर उघडतं, असं झालं तर कारण तेच.

ईमेल सर्व्हरच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. पोर्ट २५ बऱ्याच ठिकाणी बंद असतं, आणि घरच्या किंवा स्वस्त क्लाउडच्या आयपीवरून गेलेली मेल स्पॅममध्ये पडते.

बॅकअप, मग फोटो

इमिच चढवण्याआधी बॅकअप चालू हवा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी खासगी नेटवर्क पुन्हा कामाला येतं. सिन्नरला, निफाडला किंवा मालेगावला नातेवाइकांच्या घरी एक जुनं यंत्र आणि एक डिस्क ठेवा, ते बोगद्यात घ्या, आणि रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने रात्री एसएफटीपीवरून (एसएसएचमधून फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) तिथे बॅकअप पाठवा. रेस्टिक पाठवण्याआधीच सगळं एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे डिस्क कुणाच्या घरात आहे याने फरक पडत नाही. पहिला बॅकअप मोठा असतो. तो घरीच डिस्क जोडून करा आणि मग डिस्क गावाला न्या. त्या घरचा फायबर बिचारा चार दिवस भरून टाकण्यात अर्थ नाही.

चालू डेटाबेसच्या फाइली तशाच कॉपी करू नका, आधी ‘पीजी-डंप’ने निर्यात घ्या आणि ती बॅकअपमध्ये जाऊ द्या. जुने बॅकअप छाटताना सात दिवसांचे, चार आठवड्यांचे, बारा महिन्यांचे ठेवा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळवायचा कुठलाही उपाय नाही; तो कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा, सर्व्हरवरच्या व्हॉल्टवॉर्डनमध्ये नव्हे. महिन्यातून एकदा एखादा फोल्डर दुसऱ्याच यंत्रावर परत काढून उघडून बघा. परत काढून न पाहिलेल्या बॅकअपवर फोटो सोपवू नका.

सर्व्हर चालू आहे की नाही हे पाहायला अपटाइम कुमा चांगलं आहे, पण ते केंद्रावर चालवा. घरच्याच सर्व्हरवर ठेवलं तर घरची वीज गेल्यावर कळवणारंही सोबतच झोपतं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणले जातात तेव्हा फायबर तुटतो, आणि तुम्ही ऑफिसात असताना दोष सर्व्हरचा की लाइनचा हे केंद्रावरून लगेच ओळखता येतं: केंद्रावर टेलस्केल असो की वायरगार्ड, गावच्या बॅकअप यंत्राला पिंग जातंय आणि घराला जात नाही, तर आधी केबलवाल्याला फोन लावा.

घरच्यांचे फोन जोडाल तेव्हा प्रत्येक फोनला स्वतंत्र किल्ली द्या. आईचा आणि बाबांचा फोन एकाच फाइलवर चालवू नका. एका किल्लीवर दोन उपकरणं चालवली तर जोडणी सारखी एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारत राहते. आणि सीबीएसला बसमध्ये चढताना फोन चोरीला गेला, तर केंद्रावरच्या फाइलमधून त्या एकाच फोनचा ‘पीअर’ विभाग काढायचा आणि सेवा पुन्हा सुरू करायची. टेलस्केल असेल तर ॲडमिन पानावरून ते उपकरण काढून टाकायचं. बाकी कुणाच्या फोनला हातही लावावा लागत नाही. हे दुसऱ्या फोनवरून करता येतं का, ते आजच एकदा करून बघा.